बॅटरी नवीन, अल्टरनेटर रिपेअर केलेला, तरी तिसऱ्या दिवशी गाडी ढिम्म. आता काय बघू?

पारसिकचा_पोरगा | रविवार, रात्री ११:२०

मंडळी नमस्कार, लांबण लागणार आहे, आधीच माफी मागतो.

गाडी मारुती ८००, एमपीएफआय (कार्बोरेटर नाही, इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनवाली), २००३ ची. बाबांनी घेतलेली. २०१८ आणि २०२३ अशी दोनदा रिपासिंग करून घेतली आहे त्यामुळे "विकून टाक" हा सल्ला कृपया कुणी देऊ नका, तो घरात रोज फुकट मिळतो. राहायला खारेगावात. गाडी फार फिरत नाही, बायकोला कळवा स्टेशनला सोडणं, आईला महिन्यातून दोनदा नौपाड्यात डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेणं आणि कधीतरी रविवारी नेरूळला बहिणीकडे.

मे महिन्यापासून बॅटरी उतरायला लागली. शनिवारी उभी केली की मंगळवारी चावी फिरवल्यावर नुसतं टक टक टक. नेहमीचा मेकॅनिक म्हणाला बॅटरी खलास, नवीन टाकली ३५ अँपिअर अवरची. पंधरा दिवस बरे गेले मग परत तेच. मग म्हणाला अल्टरनेटर, म्हणजे इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करतो तो. काढून नेला, दोन दिवसांनी आणून बसवला, आत कार्बन, बेअरिंग, डायोड प्लेट सगळं नवीन टाकलंय म्हणाला, पैसे घेतले. आता जुलै, पाऊस चालू, आणि परवा पुन्हा सोसायटीच्या वॉचमनसकट तिघांनी धक्का मारला. आता तो म्हणतोय सेल्फ (स्टार्टर मोटर) उघडावा लागेल कारण सेल्फ सुस्त फिरतो. म्हणजे आता तिसरा पार्ट.

बाकी लक्षणं सांगतो. सिग्नलला उभं राहिलं की हेडलाईट पिवळे पडतात, रेस दिली की उजळतात. रात्री वायपर, ब्लोअर, लाईट सगळं चालू असलं की डॅशबोर्डवरचा बॅटरीचा लाल दिवा अगदी मंद पेटल्यासारखा वाटतो, दिवसा दिसत नाही. बेल्ट ठीक आहे, अंगठ्याने दाबला तर साधारण बोटभर दबतो. या वर्षात या गाडीवर इतका खर्च झालाय (अ‍ॅक्सिलरेटरची केबल पण दोनदा बदलली, पेडल जड होत होतं, पण तो वेगळा विषय) की आता काहीही बदलायच्या आधी नीट समजून घ्यायचं ठरवलंय.

सानपाडा_सुसाट | रविवार, रात्री ११:४१

भावा सोप्पं आहे. गाडी चालू कर आणि चालू गाडीत बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढ. बंद पडली तर अल्टरनेटर गेलेला, चालू राहिली तर बॅटरी डुप्लिकेट. आमच्या गावाला सगळे ट्रॅक्टरवाले असंच बघतात.

तारकाका | सोमवार, सकाळी ६:०५

पारसिक, तू वरचं काहीही करू नकोस बाबा. सुसाट, तुझ्यावर राग नाही, पण हे जुन्या फियाटच्या जमान्यातलं आहे. तेव्हा डायनॅमो असायचा, शेजारी कटआउटचा डबा, गाडीत इलेक्ट्रॉनिक म्हणावं असं काही नव्हतं, तिथे हे खपून जायचं. अल्टरनेटरच्या गाडीत बॅटरी ही गादीसारखी असते, चार्जिंग चालू असताना ती गादी अचानक काढलीस की व्होल्टेज एकदम उसळी मारतं, आणि ती उसळी सगळ्यात आधी खातो चार्जिंगचं व्होल्टेज सांभाळणारा रेग्युलेटर आणि डायोड, आणि एमपीएफआय असेल तर ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर. ईसीयूची किंमत ऐकलीस तर मग खरंच गाडी विकशील. मी वागळे इस्टेटला चाळीस वर्षं गाड्यांचं वायरिंगच केलंय, या टेस्टमुळे मेलेले रेग्युलेटर डबा भरून जमवले होते.

आता मुद्द्याचं. तुझ्याकडे मीटर आहे का? नसला तर स्टेशन रोडला जो पिवळा मिळतो तो घे, चालेल. मग एवढं कर. बॅटरी आधी बाहेरून चार्जरवर फुल करून घे कारण अर्धवट बॅटरीवर घेतलेलं कुठलंही रीडिंग फसवं असतं. चार्जरवरून काढल्यावर लगेच मोजू नको, रात्रभर राहू दे, नाहीतर वरवरचं फुगलेलं व्होल्टेज दिसतं. घाई असली तर हेडलाईट एक मिनिट लावून बंद कर, थोडं थांब, मग मोज. १२.६ च्या आसपास आलं तर फुल आहे. १२.२ म्हणजे अर्धी. १२ च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी, भले डॅशबोर्डचे दिवे छान लागू देत.

मग सेल्फ मारताना कुणालातरी मीटर बघायला सांग. मग गाडी चालू करून, थोडी रेस देऊन, बॅटरीच्या टर्मिनलवर किती येतं ते, आधी सगळं बंद ठेवून आणि मग हेडलाईट आणि ब्लोअर लावून. १३.८ ते १४.४ पाहिजे. १३.२ च्या खाली असेल तर बॅटरी उपाशी आहे. १५ च्या वर गेलं तर रेग्युलेटर गेला, तेव्हा बॅटरीचं पाणी उकळतं आणि सडक्या अंड्यासारखा वास येतो. चावी दिल्यावर, इंजिन चालू व्हायच्या आधी, लाल दिवा लागतो का तेही बघ. तो लागायलाच पाहिजे, त्या दिव्यातून जाणाऱ्या करंटवरच अल्टरनेटर जागा होतो. कित्येक लोक नुसता बल्ब उडालेला असताना अल्टरनेटर बदलून बसलेत.

आणि कळवा स्टेशन तुझ्याकडून दोन अडीच किलोमीटर. त्यात पावसाळा, वायपर, लाईट. एवढ्यात बॅटरीत फारसं काही परत जात नाही. त्यामुळे चार्जिंग थोडं जरी कमी असेल तरी तुझ्या वापरात ते लगेच दिसणार.

ऐरोलीची_सँट्रो | सोमवार, सकाळी ९:१५

धागा पळवते आहे, सॉरी. माझी जुनी सँट्रो, परवा विटाव्याच्या रेल्वे पुलाखालच्या पाण्यातून काढली तेव्हापासून सकाळी चालू केल्यावर दोन मिनिटं शिट्टी मारते आणि लाल दिवा पण लागतो, मग दोन्ही आपोआप बंद. अल्टरनेटरमध्ये पाणी गेलं का?

तारकाका | सोमवार, सकाळी ९:५०

ताई, बेल्ट घसरतोय. ओला झाला, आणि बहुतेक जुना होऊन काचेसारखा गुळगुळीत पण झाला असेल. बेल्टची आतली बाजू बोट फिरवून बघा, अर्थात इंजिन बंद ठेवून. चकचकीत किंवा तडे गेलेला असेल तर बदला, चांगला असेल तर ताण वाढवून घ्या. फार ताणू देऊ नका, बेअरिंग जातं. कुणी बेल्टवर साबण किंवा पावडर लावायला सांगितलं तर त्याच्याकडे परत जाऊ नका.

पारसिकचा_पोरगा | मंगळवार, रात्री १०:३०

काका, रीडिंग आणली आहेत. मीटर घेतला पिवळा. बॅटरी शेजारच्या बॅटरीवाल्याकडे रात्रभर चार्जिंगला ठेवली होती, त्याने हायड्रोमीटरने ग्रॅव्हिटी पण बघितली, सहाही सेल सारखेच आहेत म्हणाला, बॅटरी ओके. गाडीत लावून दोन तासांनी १२.६३.

चावी दिल्यावर लाल दिवा लागतो. सेल्फ मारताना बाबा मीटर बघत होते, ११.२ च्या खाली गेला नाही. पण सेल्फ सुस्तच, घर्र... घर्र... करत फिरला आणि चालू झाली. गाडी चालू, सगळं बंद, थोडी रेस, १३.४. हेडलाईट ब्लोअर लावल्यावर १२.९. म्हणजे अल्टरनेटर कमी देतोय ना? म्हणजे मेकॅनिकने रिपेअर नीट केला नाही?

आणि आता घाबरवणारा भाग. नेटवर वाचलं होतं की डायोड खराब असेल तर बॅटरीवर एसी व्होल्टेज दिसतं, अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं तर डायोड गेला. म्हणून मीटर एसीवर टाकला तर २९.८!! हात झटकन मागे घेतला. एवढ्याने ईसीयू जळणार नाही का?

कोलशेत_कंडेन्सर | मंगळवार, रात्री १०:५२

हाहा. घाबरू नका. तुमच्या गाडीत ३० व्होल्ट एसी नाही. या स्वस्त मीटरमध्ये एसी रेंजला आत फक्त एक डायोड असतो आणि डीसी अडवायला कपॅसिटर नसतो. तो समोर आलेला डीसीच दुपटीहून जरा जास्त करून एसी म्हणून दाखवतो. आता काळी आणि लाल वायर उलटी लावून बघा, शून्य येईल. आणि गंमत म्हणजे इंजिन बंद असताना नुसत्या बॅटरीवर पण सत्तावीस अठ्ठावीस दाखवेल. थोडक्यात या मीटरने रिपल, म्हणजे डीसीत मिसळलेला एसीचा अंश, मोजता येणार नाही, ती टेस्ट चांगल्या मीटरने करायची. डीसी रीडिंग मात्र हा बऱ्यापैकी बरोबर देतो.

पारसिकचा_पोरगा | मंगळवार, रात्री ११:०३

उलटी लावली, शून्य. इंजिन बंद करून सुलटी, २७ आणि काहीतरी. बाबा हसून हसून बेजार.

तारकाका | बुधवार, सकाळी ६:१०

अल्टरनेटर कमी देतोय असं लगेच म्हणू नको. तू बॅटरीवर मोजलंस. अल्टरनेटरच्या तोंडाशी किती आहे ते कुठे मोजलंस? विहिरीला पाणी आहे की नाही ते घरच्या नळावर बघून कळत नाही, मधे पाईप असतो.

तुझी दोन रीडिंग मला खटकली. सेल्फ सुस्त फिरतोय आणि तरी बॅटरी ११.२ वर उभी आहे. बॅटरी कमजोर असती तर सेल्फ मारताना धाडकन साडेनऊच्या खाली गेली असती. ती पडत नाहीये याचा अर्थ सेल्फ तिच्याकडून हवा तेवढा करंट ओढूच शकत नाहीये. मधे कुठेतरी गळा आवळलाय. आणि चार्जिंगलाही कमी पोचतंय. जाताना पण अडतंय आणि येताना पण अडतंय, म्हणजे दोघांचा सामायिक रस्ता कुठला ते शोध.

आता सांग, ती अ‍ॅक्सिलरेटरची केबल. "वेगळा विषय" म्हणून तू कंसात टाकलीस. जुनी केबल काढली तेव्हा तिचं आतलं प्लॅस्टिक वितळून आतल्या तारेला चिकटलेलं होतं का? सेल्फ मारताना कधी जळक्या प्लॅस्टिकचा वास आला का?

पारसिकचा_पोरगा | बुधवार, सकाळी ८:२२

काका तुम्हाला कसं कळलं??? मेकॅनिकने दाखवली होती, आतलं अस्तर विरघळल्यासारखं झालं होतं, तो म्हणाला इंजिनच्या गरमीने होतं. वास पण येतो, बायको कधीची म्हणतेय, मला वाटायचं कळव्याची हवाच तशी.

तारकाका | बुधवार, सकाळी ८:४०

इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं. म्हणजे विजेच्या दृष्टीने ते बॉडीपासून तुटलेलं बेट. त्याला बॅटरीच्या निगेटिव्हशी जोडते ती जाड अर्थची वायर. ती कुजली की शंभर अँपिअरचा सेल्फचा करंट परत जायला वाट शोधतो, आणि इंजिनपासून बॉडीपर्यंत जाणारं जे लोखंड सापडेल त्यातून जातो. ते म्हणजे अ‍ॅक्सिलरेटरची केबल, क्लचची केबल. बारीक तार, तापते, अस्तर वितळतं, पेडल जड. मी अशी एक गाडी बघितली होती जिची क्लच केबल सहा महिन्यात चारदा बदलली होती आणि प्रत्येक वेळी केबलवाल्याला शिव्या.

संध्याकाळी चार रीडिंग घे. गाडी चालू, रेस दिलेली, हेडलाईट ब्लोअर चालू. सैल कपडे, मफलर, ओढणी काही बेल्टजवळ नको. एक, बॅटरीच्या प्लस माइनसवर. दोन, अल्टरनेटरच्या मागच्या जाड बोल्टपासून अल्टरनेटरच्याच बॉडीवर. तीन, त्याच बोल्टपासून बॅटरीच्या प्लसवर. चार, अल्टरनेटरच्या बॉडीपासून बॅटरीच्या माइनसवर. मीटरचं टोक बॅटरीच्या शिशाच्या खांबाला लाव, वरच्या क्लॅम्पला नाही. तिसरं आणि चौथं रीडिंग पाव व्होल्टच्या आत पाहिजे. आणि तो प्लसचा बोल्ट आणि बॉडी यांना पाना एकदम टेकवू नकोस, ठिणगी नाही, वेल्डिंग होईल.

मग जंपर केबल असली तर तिची फक्त काळी वायर घे. एक टोक बॅटरीच्या माइनसला, दुसरं इंजिनच्या उघड्या लोखंडाला. परत मोज.

घोडबंदर_गाथा | बुधवार, दुपारी १:१५

वाचतोय, पॉपकॉर्न घेऊन बसलोय. गायमुखच्या ट्रॅफिकमध्ये दुसरं करण्यासारखं काही नाही.

पारसिकचा_पोरगा | बुधवार, रात्री ११:५८

झोप येणार नाही म्हणून आत्ताच लिहितोय.

सोसायटीच्या पार्किंगमध्ये, बाबा मोबाईलचा टॉर्च धरून, मी बोनेटमध्ये अर्धा आत, बाहेर धो धो. बॅटरीवर १२.९. अल्टरनेटरच्या बोल्टपासून त्याच्या बॉडीवर १४.३!! म्हणजे अल्टरनेटर व्यवस्थित देतोय. प्लस बाजू ०.२. मग काळं टोक अल्टरनेटरच्या बॉडीवर आणि लाल बॅटरीच्या माइनसवर. १.२. बाबांना म्हटलं नीट बघा, पॉइंट एक दोन असेल, म्हणाले अरे एक पॉइंट दोन. बेरीज केली तर १२.९ आणि ०.२ आणि १.२, बरोबर १४.३. शाळेत कधी गणिताचं उत्तर जुळल्यावर एवढा आनंद झाला नव्हता.

मग जंपरची काळी वायर. एक चिमटा माइनसला, दुसरा इंजिनच्या हुकला. चिमटा टेकताक्षणी, आधी मीटर नाही, भिंतीवरचा हेडलाईटचा उजेड बदलला. पिवळा होता तो पांढरा झाला. बाबा "ए थांब थांब" म्हणाले. मीटर १३.९. चिमटा काढला, परत पिवळा. लावला, पांढरा. चार वेळा केलं, वॉचमन पण बघायला आला.

तसंच ठेवून इंजिन बंद करून सेल्फ मारला. काका, हा आवाज मी पाच वर्षांत ऐकला नव्हता.

ती अर्थची वायर उद्या सकाळी उजेडात काढतो.

तारकाका | गुरुवार, सकाळी ५:५५

छान. काढताना आधी बॅटरीचं निगेटिव्ह सोडव. नवीन स्ट्रॅप तयार मिळते, जाड घे. बसवायच्या आधी दोन्हीकडची जागा पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घास, रंग, गंज, तेल काही राहू नको देऊ. बोल्ट घट्ट झाल्यावर मग वरून ग्रीस किंवा व्हॅसलिन, आधी मधे नाही.

पारसिकचा_पोरगा | गुरुवार, सकाळी १०:४०

वायर बाहेरून ठीक दिसत होती, म्हणूनच कुणी बघितली नाही. गिअरबॉक्सच्या टोकाला लगच्या (बोल्टखाली बसणाऱ्या कडीच्या) जवळ रबराची टोपी होती, ती मागे सरकवली तर आत हिरवी पांढरी पूड, आणि तारा हातात मोडून आल्या. मोजल्या नाहीत पण मूठभर तारांपैकी धड अशा आठ दहा राहिल्या असतील. बावीस पावसाळे. नवीन स्ट्रॅप १८० रुपये. आता लोड लावून १४.०, अर्थ बाजू ०.१. आणि सेल्फ मारताना बॅटरी १०.४ पर्यंत खाली येते पण सेल्फ कसला फिरतो! आकडा कमी, तब्येत चांगली.

सानपाडा_सुसाट | गुरुवार, सकाळी ११:०५

काका दंडवत. मी माझी पोस्ट डिलीट करू का?

तारकाका | गुरुवार, सकाळी ११:३०

राहू दे, पुढचा वाचेल.

पारसिकचा_पोरगा | सोमवार, रात्री ९:१०

तोंड लपवून परत आलोय.

गुरुवारी रात्री उभी केली, शुक्रवारपासून हात लावला नाही, मुद्दाम. आज संध्याकाळी बॅटरीवर १२.०५. सेल्फ लागला, पण जेमतेम. चार्जिंग मघाशी परत मोजलं, १४.० च आहे. म्हणजे आणखी काहीतरी आहे.

कोलशेत_कंडेन्सर | सोमवार, रात्री ९:३५

आता चार्जिंगचा प्रश्न नाही, गळतीचा आहे. गाडी बंद असताना कुणीतरी करंट खातंय. निगेटिव्ह केबल सोडवा, केबल आणि बॅटरीचा माइनस यांच्या मधे मीटर लावा, मीटर १० अँपिअरवर, लाल वायर १० अँपिअरच्या वेगळ्या भोकात. दारं बंद, किंवा दाराचं बटण चिमट्याने दाबून ठेवा नाहीतर आतला दिवा मोजत बसाल. पाच दहा मिनिटं थांबा. ५० मिलिअँपिअरच्या आत असेल तर चालतं. आणि मीटर लावलेला असताना चुकूनही सेल्फ मारू नका, चावी पण देऊ नका.

जास्त आलं तर एकेक फ्यूज काढत जा, ज्या फ्यूजला आकडा पडेल त्या सर्किटमध्ये चोर.

पारसिकचा_पोरगा | सोमवार, रात्री १०:२०

मीटर मेला. लाल वायर चुकीच्या भोकात होती. मिलिअँपच्या.

कोलशेत_कंडेन्सर | सोमवार, रात्री १०:२४

मेला नाही, आतला फ्यूज उडाला असेल. मागचे दोन स्क्रू काढा, काचेचा छोटा फ्यूज असतो. सगळ्यांचा एकदा उडतो.

पारसिकचा_पोरगा | मंगळवार, रात्री १०:४५

फ्यूज टाकला. ०.३१ अँपिअर. म्हणजे ३१० मिलिअँप. फ्यूज बॉक्समधले सगळे फ्यूज एकेक करून काढले, स्टिरिओच्या फ्यूजला ०.०१ पडला, बाकी कशाला हलला नाही. शेवटी सगळे फ्यूज सीटवर ओळीने मांडलेले आणि आकडा ०.३० वर ठाम. भूत आहे का?

कोलशेत_कंडेन्सर | मंगळवार, रात्री ११:००

३१० मिलिअँप म्हणजे दिवसाला साडेसात अँपिअर अवरच्या जवळ. तुमची बॅटरी ३५ ची. तीन दिवसांत अर्ध्याहून जास्त. शनिवार ते मंगळवार. हिशोब जुळला.

आता फ्यूज बॉक्समधून न जाणारं काय काय आहे? सेल्फची जाड वायर आणि अल्टरनेटरची.

तारकाका | बुधवार, सकाळी ६:००

कंडेन्सरने बरोबर नेलंय. पारसिक, आत्ता, गाडी रात्रभर उभी आहे, इंजिन थंडगार, जाऊन अल्टरनेटरच्या बॉडीला तळहात लाव. मग शेजारच्या इंजिनच्या लोखंडाला.

पारसिकचा_पोरगा | बुधवार, सकाळी ६:४०

इंजिन थंड. अल्टरनेटर किंचित कोमट. मला आधी वाटलं मनाचे खेळ, बाबांना न सांगता हात लावायला लावला, ते पण म्हणाले हा गरम का?

तारकाका | बुधवार, सकाळी ७:०५

डायोड लीक. डायोड म्हणजे करंटला एकाच बाजूने उघडणारा दरवाजा, तुझा दोन्हीकडून उघडतोय. तुझा तो रात्रीचा मंद लाल दिवाही बहुतेक तिथलाच, अर्थ बदलल्यावर मी तो विसरलो, चूक माझी. कंडेन्सर म्हणाला तसा चांगला मीटर असता तर कदाचित आधीच कळलं असतं. खात्री करायची तर बॅटरीचं निगेटिव्ह काढ, अल्टरनेटरच्या मागचा जाड वायरचा नट काढ, वायर कापडात गुंडाळून बाजूला ठेव, मागची छोटी सॉकेट पण काढ, मग निगेटिव्हमध्ये मीटर लावून बघ. निगेटिव्ह आधी काढायचं विसरू नकोस, ती वायर कायम जिवंत असते.

पारसिकचा_पोरगा | बुधवार, रात्री ९:५०

०.०१. म्हणजे नुसती स्टिरिओची मेमरी वगैरे. चोर सापडला.

मेकॅनिककडे गेलो. भांडायला नाही, सगळी रीडिंग कागदावर लिहून नेली होती. त्याने कागद दोनदा वाचला, मग खरं सांगितलं की अल्टरनेटर तो स्वतः उघडत नाही, बाहेर देतो, तिकडे स्वस्तातली डायोड प्लेट टाकली असणार. आणि अर्थची वायर बघायला हवी होती हे त्याने आपणहून मान्य केलं. आता माझ्यासमोर उघडून घेऊया म्हणाला.

सानपाडा_सुसाट | बुधवार, रात्री १०:१०

जुन्या बॅटरीचं काय केलंस? ती कदाचित चांगलीच होती.

पारसिकचा_पोरगा | बुधवार, रात्री १०:१५

एक्स्चेंजमध्ये दिली. नको आठवण काढू.

पारसिकचा_पोरगा | रविवार, दुपारी ४:३०

शनिवारी अल्टरनेटर माझ्यासमोर उघडला. डायोड प्लेटवरचे सहा डायोड मीटरवर तपासले, दोन डायोड दोन्ही दिशांनी थोडं थोडं दाखवत होते. कार्बन खरंच नवीन होते, बेअरिंग पण, म्हणजे तेवढं खोटं बोलला नव्हता. नवीन प्लेट टाकली, मजुरी घेतली नाही. रात्री गळती मोजली, ०.०१. लाल दिवा रात्री सगळं लावून बघितला, पूर्ण काळा.

आज नेरूळला जाऊन आलो. येताना विटाव्याला पाणी होतं, हळू काढली, सँट्रो ताईंची आठवण आली. ताई, बेल्ट बदललात का?

ऐरोलीची_सँट्रो | रविवार, संध्याकाळी ६:०५

बदलला. जुना बेल्ट बघायला मागितला तर आतून आरशासारखा. शिट्टी बंद. मीटरही मागवलाय, लाल वायर कुठल्या भोकात घालायची ते धागा वाचून पाठ झालंय.

तारकाका | सोमवार, सकाळी ६:१५

पारसिक, आता क्लचची केबल काढून बघ. करंट तिच्यातूनही गेला असणार. जड लागत नसली तरी टोकाशी अस्तर बघून ठेव.

पारसिकचा_पोरगा | सोमवार, सकाळी ८:३०

काका, कालपासून क्लच जड लागतोय हे मी मुद्दामच लिहिलं नव्हतं.